नाशिकचे वाडे आणि नाण्याचें मोल

पैसा कोठें ठेवावा म्हणजे तो टिकेल, हा प्रश्न नाशकास नवा नाहीं. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मि डोंगरावर, ज्यास लोक पांडवलेणीं म्हणतात तेथें, क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे शिलालेख आहेत. धर्माच्या व राजघराण्यांच्या इतिहासासाठीं ते पुष्कळदां वाचले गेले आहेत. आज आम्ही ते वाचकांस एखाद्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणें वाचावयास सांगणार आहों.

वर्ष बेचाळीस, म्हणजे तो शक धरल्यास इ. स. १२० च्या सुमारास, या दात्यानें लेणें संघास दिलें व त्याबरोबर ३००० कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकीं २००० वर दरमहा शेंकडा एक व १००० वर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४० कार्षापण होतें. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा द्यावे असें लेखांत सांगितलें आहे. वीस बारें दोनशें चाळीस. हिशेब चोख आहे. इतका चोख कीं, चीवराचें कापड बाराच्या ऐवजीं तेरांस मिळूं लागलें तर तेरावा कार्षापण कोठून आणावा, यास त्यांत जागाच नाहीं. परंतु याच दात्याच्या दुसऱ्या एका दानाकडे पाहावें. अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांस त्यानें एक शेत विकत घेतलें आणि लेण्यांतील सर्व भिक्षूंस अन्न त्यांतून मिळावें अशी व्यवस्था केली. म्हणजे वस्त्र त्यानें नाण्यावर सोपविलें व अन्न जमिनीवर. धान्य महाग झालें काय किंवा स्वस्त झालें काय, शेतांत पिकलेला दाणा भिक्षूच्या पात्रांत पडणारच होता.

हें राज्य लवकरच गेलें. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला आहे. राजा बदलला, छाप बदलला, तरी चांदी तीच राहिली. कागदी नाण्यास असा धातूचा आधार नसतो. आणि कागदी नाण्याचा छापखानाहि योगायोगानें नाशकासच आहे. नाशिकरोड येथें १९२५ सालीं सरकारी मुद्रणालय निघालें व १९२८ पासून नोटा तेथें छापूं लागले. या दोन गोष्टी, म्हणजे बांधलेलें व्याज आणि पिकणारें शेत, वाचकांनीं मनांत ठेवाव्या. पुढें जी हकीकत सांगावयाची आहे तींत यांचीच गांठ पडते.

तिसाव्या सालानंतरचें नाशिक डोळ्यांसमोर आणावें. मंदीचे दिवस, शेतमालाचे भाव कोसळलेले, कुळांकडून सावकाराची बाकी वसूल होईना, आणि १९३९ सालीं तर मुंबई सरकारनें शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचाच कायदा केला. साडेतीन टक्क्यांचा सरकारी कागद सुरक्षित खरा, परंतु त्यावर संसार कसा चालावा? सोन्यास व्याज नाहीं. अशा वेळीं कोर्टांतील कारकून, पेन्शनीच्या वाटेला लागलेला मास्तर, तीर्थोपाध्याय, लहान सराफ, हे सर्व एकाच निर्णयास आले: वाड्यावर आणखी एक माडी चढवावी, मागल्या चौकांत चार खण काढावे आणि बिऱ्हाडें ठेवावीं. बिऱ्हाडाचें भाडें म्हणजे म्हातारपणाची पेन्शन व पुढें विधवेची पोटगी. जुन्या नाशकांतील कितीएक वाड्यांचे मागले भाग ह्याच हिशेबानें बांधलेले आहेत.

आमचे आजोबा शाळामास्तर होते. त्यांनींहि हेंच केलें. तीन बिऱ्हाडें, दरमहा दहा-दहा रुपये. १९४० सालीं दहा ग्रॅम सोनें सुमारें छत्तीस रुपयांस मिळे, म्हणजे एका बिऱ्हाडाचें महिन्याचें भाडें जवळजवळ पाव तोळा सोनें होई. आम्ही घरमालकाच्या घराण्यांतले आहों हें आरंभींच सांगून टाकणें बरें. वाचकांनीं आमच्या म्हणण्यांतून वाटल्यास तेवढी सूट वजा करावी. (विद्यार्थिदशेंत व नोकरीच्या पहिल्या वर्षांत पुण्यास आम्हीहि भाडेकरी होतों व घरमालकाविषयीं आमचें मत फारसें चांगलें नव्हतें.) आजोबांचा निर्णय चुकला असें म्हणतां येत नाहीं. त्यांचें अनुमान असें कीं, कागद कागदच राहील, परंतु घर हें वस्तु आहे. वस्तूंचे भाव चढले तर घराचाहि चढेल आणि भाडेंहि त्याच्या मागोमाग जाईल. उषवदाताच्या भाषेंत बोलावयाचें तर त्यांनीं पैसा श्रेणीकडे न ठेवतां शेत विकत घेतलें.

त्यानंतर युद्ध आलें. इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांत केलेल्या खर्चाची भरपाई लंडनमध्यें पौंडांच्या रूपानें जमा होई आणि त्यावर येथें नोटा निघत. १९३९ मध्यें सुमारें १८० कोटींच्या नोटा चलनांत होत्या. १९४५ मध्यें त्या ११०० कोटींवर गेल्या. घाऊक भाव दुपटीहून पुष्कळ वर चढले. ध. रा. गाडगीळ, जे जन्मानें नाशिकचेच, त्यांनीं व नी. वि. सोवनी यांनीं गोखले संस्थेतर्फें १९४३ सालींच युद्धकालीन आर्थिक धोरणावर ग्रंथ लिहिला. महागाई म्हणजे बाजारांतील चार व्यापाऱ्यांचा खोडसाळपणा अशी समजूत त्या वेळीं सर्वत्र होती. तीमागें नोटांचें पीक आहे हें ओळखणारे थोडे होते. नोटा छापणाऱ्या गांवांतहि तें फार जणांस उमगलें होतें असें नाहीं.

अशा प्रसंगीं सरकार भाड्यांकडे पाहतें. मुंबई इलाख्यांत पहिला निर्बंध १९१८ सालचा; दुसरा १९३९ चा; तिसरा १९४४ चा; आणि ज्यानें पुढें अर्धशतक राज्य केलें तो १९४७ चा सत्तावन्नावा कायदा. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलांत आला. त्याचें मर्म एका तारखेंत आहे: १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशीं जें भाडें होतें तें प्रमाणभाडें. त्याहून अधिक घेणें बेकायदा. वाचकांनीं ही तारीख नीट पाहावी. भाववाढीचा मोठा लोट अद्याप यावयाचा होता. मंदीच्या तळाजवळचें भाडें पकडून तें युद्धानंतरच्या जगास लावण्यांत आलें.

कायदा करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. देवळालीस छावणी, पुढें तेथेंच सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती, गांवांत नवीन माणसांची रीघ, आणि बांधकामास सिमेंट-लोखंड मिळेना. अशा वेळीं भाडीं मोकळीं सोडलीं असतीं तर पांच-पंचवीस घरमालक धनवान झाले असते व हजारों कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं. इंग्लंडमध्यें हीच गोष्ट १९१५ सालीं ग्लासगोच्या बायकांनीं भाडें देण्याचें नाकारून सरकारच्या गळीं उतरविली आणि भाडीं ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर बांधलीं गेलीं. व्हिएन्ना शहरांत १९१७ पासून भाडीं बांधलीं; पुढें तेथील चलन इतकें कोसळलें कीं, भाडें हें शून्यवत् झालें आणि भाड्यासाठीं घर बांधणारा खासगी मनुष्य नाहींसा झाला. परंतु व्हिएन्नाच्या नगरपालिकेनें तो धडा पुरा वाचला. आपण भाडें बांधलें तर घरेंहि आपणच बांधलीं पाहिजेत, हें ओळखून १९२३ पासून १९३४ पर्यंत तिनें साठ हजारांवर घरें उभारलीं. आमच्याकडे हा दुसरा भाग फारच तोकडा झाला. पहिला भाग मात्र मुदतवाढींवर मुदतवाढी मिळून टिकला.

याचा परिणाम काय झाला, तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण येथेंच पुष्कळांची गल्लत होते. महागाईंत घर तारतें असें सर्व म्हणतात. परंतु घर तारतें म्हणजे काय? घराच्या दोन बाजू आहेत: एक विटा-लांकडांची व जागेची, आणि दुसरी दरमहा येणाऱ्या भाड्याची. मालकाच्या हातांत पहिली बाजू केव्हां येते? जागा मोकळी करून मिळेल तेव्हां. १९४७ च्या कायद्यानें भाडेकऱ्यास घालविणें दुष्कर केलें. मालकास स्वतःची गरज कोर्टांत सिद्ध करावी लागे आणि गरज सिद्ध झाली तरी अधिक हाल कोणाचे होतील हें कोर्ट पाही. म्हणून मालकाच्या हातीं दुसरी बाजू तेवढी राहिली, आणि ती दहा रुपयांवर खिळलेली. आजोबांनीं वस्तु विकत घेतली होती. कायद्यानें तिचा कर्जरोखा केला, आणि तोहि असा कीं ज्याचें मुद्दल परत मागतां येत नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें! गोवर्धनच्या कोष्ट्यांकडील ठेवीचीच ही अट झाली. भर इतकीच कीं, श्रेणीस कौलें बदलावीं लागत नव्हतीं.

कौलांची गोष्ट क्षुल्लक नाहीं. दुरुस्ती मालकानें करावी, न केल्यास नोटीस देऊन भाडेकऱ्यानें करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा, परंतु एका वर्षांत वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक नाहीं, अशी तरतूद होती. दहा रुपये महिना म्हणजे वर्षाचे एकशें वीस. त्याची चौथाई तीस. १९४० सालीं तीस रुपयांत सुताराचें पुष्कळ काम झालें असतें. १९७४ सालीं, जेव्हां तेलाच्या भावानें साऱ्या जगास चटका दिला, तेव्हां तीस रुपयांत काय होणार? पुढें तर बोलावयासच नको. सागवानी तुळई कुजली तरी तीस, चौकाची भिंत फुगली तरी तीस. जुन्या नाशकांत दर पावसाळ्यांत एखादी भिंत किंवा एखादा वाडा बसतो, महापालिका धोकादायक घरांस नोटिसा चिकटविते आणि लोक पावसास दोष देतात. पाऊस शेवटचा धक्का देतो इतकेंच. खुद्द नगरपालिकाहि या जाळ्यांत सांपडली होती: घरपट्टी ठरवितांना धरावयाचें वार्षिक मूल्य प्रमाणभाड्यापलीकडे जाऊं शकत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यांत दिला. म्हणजे भाडें गोठलें तेथें पट्टीहि गोठली आणि गटार-रस्त्यांचा पैसाहि.

भाडेकरी मात्र सुखी झाला काय? आमच्या वाड्यांतील एक बिऱ्हाड गिरणीच्या हिशेबनिसाचें. दहा रुपयांच्या जागेस ते गृहस्थ असे बांधले गेले कीं, मुलगा सातपूरच्या कारखान्यांत लागला तरी रोज सायकलीनें जाई. जागा सोडली तर तशी पुन्हा मिळावयाची नाहीं. नळ वाड्यांत एकच. पावसाळ्यांत माडीवर चार ठिकाणीं भांडीं मांडावीं लागत. उलट भर पेठेंतील दुकानाचा भाडेकरी लाखांची उलाढाल करी आणि मालकीण, म्हणजे बहुधा एक वृद्ध विधवा, त्याच्या पायरीवर पंधरा रुपयांच्या पावतीसाठीं उभी राही. असे प्रकार प्रत्येक पेठेंत होते. गरिबाकडून घेऊन श्रीमंतास देणारा कर कोणत्याहि विधिमंडळानें उघड बसविला नसता. पण एकच तारीख लहान बिऱ्हाडास आणि मोठ्या दुकानास लावल्यामुळें तो बसला. आणि वरच्या वर दुसराच बाजार चालू झाला: जागेचा ताबा देतांना पागडी. कायद्यानें ती गुन्हा ठरविली होती. तरी गोठलेलें भाडें व खरें भाडें यांतील अंतर कोठें तरी वाट काढणारच.

येथें एक गोष्ट आमच्या घराच्याहि विरुद्ध सांगितली पाहिजे. महागाई घरमालकास नेहमींच मारते असें नाहीं. ज्यानें गहाण टाकून, कर्ज काढून घर बांधलें त्याचें कर्जहि त्याच नोटांत फिटतें, आणि नोटा स्वस्त झाल्या कीं कर्ज हलकें होतें. जर्मनींत १९२३ च्या भयंकर चलनवाढींत घरांवरील गहाणें अक्षरशः वितळलीं. म्हणून तेथील सरकारनें १९२४ सालीं घरमालकांवर खास कर बसवून त्या आयत्या लाभाचा वांटा घेतला. नाशकांतहि ज्यांनीं बत्तिसांत कर्ज काढून बांधलें ते पंचेचाळिसांत सहज मोकळे झाले. ज्यांनीं आयुष्याची शिल्लक ओतून, ऋण नको म्हणून, बांधलें ते बुडाले. आजोबांस कर्जाचा मोठा तिटकारा होता.

लोक मूर्ख नसतात. थोड्या वर्षांत ते शिकले. भाड्यासाठीं बांधणें त्यांनीं सोडलें व विकण्यासाठीं बांधूं लागले. १९६३ सालीं मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला त्यामागें हीच नवी रीत होती. १९५१ च्या खानेसुमारींत नाशिक अद्याप लाखाच्या आंत होतें. २०११ मध्यें तें १४ लाख ८६ हजारांवर गेलें. या मधल्या वाढीचा फार मोठा भाग विकत घेतलेल्या घरांत राहूं लागला. देशभरचा आंकडा पाहावा: शहरांतील घरांत भाड्याच्या घरांचें प्रमाण १९६१ सालीं शेंकडा ५४ होतें, तें २०११ सालीं २८ वर आलें, आणि त्याच २०११ सालीं शहरांत एक कोटीहून अधिक घरें कुलूप लावून रिकामीं होतीं. भाड्यानें देण्यापेक्षां रिकामें ठेवणें बरें, असें ज्यास वाटतें त्यानें हा धडा वाडवडिलांच्या वाड्यांतून घेतलेला असतो. जो देतो तो अकरा महिन्यांच्या लायसेन्सवर देतो, म्हणजे भाडेकरी हा शब्दच टाळतो.

न्यायालयानें अखेर बोट ठेवलें तें तारखेवरच. १९ डिसेंबर १९९७ रोजीं मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, १९४० वर खिळविलेलें प्रमाणभाडें आरंभीं वाजवी असलें तरी काळाच्या ओघांत तें मनमानी झालें आहे. कायद्याची मुदत संपत आली होती म्हणून तो तेथेंच रद्द केला नाहीं. नवा, १९९९ चा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानें जुन्या भाड्यांस पांच टक्क्यांची एक वाढ व पुढें दरसाल चार टक्के दिले, पागडीहि कायदेशीर केली आणि बँका, सरकारी महामंडळें व एक कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचें संरक्षण काढून घेतलें. आमच्या दहा रुपयांचें काय झालें? चक्रवाढीनें धरलें तरी पंचवीस वर्षांत ते सुमारें अठ्ठावीस रुपये होतात. सोन्याचा भाव २०२५ सालीं दहा ग्रॅमला लाखाच्या पलीकडे गेला. पूर्वीं पाव तोळा देणारें बिऱ्हाड आतां दोन पेले चहा देतें. चार टक्क्यांच्या वाढीनें जुना खड्डा भरत नाहीं. तो तसाच राहून, त्याच्या तळापासून नवी शिडी सुरू होते. शिवाय २००९ ते २०१३ या वर्षांत महागाई दहा टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे शिडीहि जमिनींत खचत होती.

आमचे एक सहाध्यापक यंदां निवृत्त होत आहेत. गंगापूर रस्त्याच्या बाजूस दुसरी सदनिका घ्यावी व भाड्यानें द्यावी कीं पैसा बँकेंतच असूं द्यावा, असें त्यांनीं विचारलें. 'घर कधीं आटत नाहीं' ही म्हण पुस्तीहि जोडली. आम्हीं त्यांस उलट तीन प्रश्न विचारले. भाडें किती वर्षांनीं व किती वाढवितां येईल? जागा परत हातांत कशी येईल? आणि कर्ज काढणार असाल तर व्याज बांधलेलें आहे कीं फिरतें? कारण जर्मनीच्या मालकास जें फुकट मिळालें तें आतांच्या कर्जदारास मिळतेंच असें नाहीं: महागाई वाढली म्हणून मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढ्यांत रिझर्व्ह बँकेनें आपला दर चारांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला आणि फिरत्या व्याजाचीं घरकर्जें त्याबरोबर चढलीं. सदनिकेच्या किंमतीच्या मानानें वर्षाचें भाडें बहुधा दोन-तीन टक्केच सुटतें. म्हणजे घेणारा भाडें घेत नसून पुढें चढणारी किंमत घेत असतो. त्यांनीं किंमत चढेल असें धरून सदनिका घेतली. करार अकरा महिन्यांचा केला आहे व नवा करतांना भाडें वाढवावयाचें असें तोंडीं ठरलें आहे.

आमच्या वाड्याविषयींहि निर्णय करावयाचा आहे. एक विकासक तेथें सहामजली इमारत बांधूं इच्छितो. तिन्ही बिऱ्हाडांस जागा दिल्यावर आम्हांस जें उरेल तें आजोबांच्या माडीहून थोडेंच अधिक असेल. हिशेबनिसांचे नातू पुण्यास नोकरीस आहेत. त्यांनीं गेल्या महिन्यांत साऱ्या वर्षाचें भाडें, तीनशें छत्तीस रुपये, फोनवरून पाठविलें आणि खालीं लिहिलें कीं, आजी माडीवर एकटी आहे, पश्चिमेकडील पन्हाळ तेवढी पावसापूर्वीं बघावी. सुतार येऊन गेला. त्यानें अकरा हजार सांगितले आहेत.